गिटारची काळी पट्टी

सतारीचे पडदे दांडीवर दोऱ्यानें बांधलेले असतात. वाजविणारा ते रागाप्रमाणें पुढेंमागें सरकवूं शकतो. आणि ते कमानदार व उंच असल्यामुळें तार कितीही दाबली वा ओढली तरी बोट दांडीच्या लांकडास सहसा टेकत नाहीं. गिटारची रचना याहून निराळी आहे. तिचे पडदे म्हणजे धातूच्या बारीक काड्या. मानेवर डकविलेल्या एका स्वतंत्र लांकडी पट्टींत खांचा पाडून त्या कायमच्या ठोकून बसविलेल्या असतात, आणि त्या इतक्या बुटक्या असतात कीं तारेबरोबर बोटाचें टोंकही लांकडावर येऊन टेकतें. बोटांचा घाम, नखांचे ओरखडे, पोलादी तारांचें घांसणें, पावसाळ्याची दमट हवा आणि उन्हाळ्याची कोरडी हवा हें सर्व त्या हातभर लांब, दोन इंच रुंद आणि पाव इंच जाडीच्या पट्टीस वर्षानुवर्षें सोसावें लागतें.

एवढ्याशा या पट्टीसाठीं गेल्या दोनशें वर्षांत तीन खंडांतील अरण्यें धुंडाळलीं गेलीं, राष्ट्राराष्ट्रांत करार झाले, आणि २०११ सालीं अमेरिकेंतील एका जगप्रसिद्ध वाद्यकारखान्यावर सरकारी अधिकाऱ्यांनीं छापाही घातला. त्या छाप्यांत जें लांकूड जप्त झालें तें भारतांतलें होतें. तेव्हां ही पट्टी कोणत्या लांकडाची आहे हें ओळखणें ही केवळ हौशी वादकांची करमणूक राहिलेली नाहीं.

पट्टीचें लांकूड जड, कठीण, घट्ट पोताचें आणि एकदां सुकल्यावर पुन्हा न वळणारें असावें लागतें. या कसोटीस पुरेपूर उतरणारीं लांकडें दोनच, असें युरोपांतील कारागीर पूर्वापार मानीत आले : एक आबनूस आणि दुसरें शिसवी.

आबनुसाची प्रतिष्ठा फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकांत इजिप्तची राणी हत्शेप्सुत हिनें पुंत नांवाच्या देशाकडे जहाजें धाडलीं. त्या जहाजांनीं आणलेल्या मालांत आबनूस होता, याची नोंद देर-अल-बहारी येथील तिच्या मंदिराच्या भिंतींवर कोरलेली आहे. इजिप्तचे लोक या लांकडास ‘हेब्नी’ म्हणत. ग्रीकांनीं त्याचें ‘एबेनॉस’ केलें. तेथून एका वाटेनें इंग्रजांचें ‘एबनी’ निघालें आणि दुसऱ्या वाटेनें फार्सींतून ‘आबनूस’ आपल्याकडे आला. गंमत अशी कीं, त्या काळच्या इजिप्ती वस्तूंतील काळें लांकूड शास्त्रज्ञांनीं तपासलें तेव्हां तें बहुतेक ठिकाणीं आजच्या अर्थानें आबनूस नसून आफ्रिकेंतल्या एका शिसवाचें निघालें. म्हणजे या दोन लांकडांच्या नांवांचा घोटाळा साडेतीन हजार वर्षांपूर्वींच सुरू झालेला आहे. आजच्या दुकानदारास त्याबद्दल एकट्यालाच दोष देतां येत नाहीं.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें खरा आबनूस हा टेंभुर्णीच्या गोतांतला. विदर्भाच्या रानांत विडीसाठीं जिचीं पानें तोडतात ती टेंभुर्णी आणि सिंहलद्वीपाचा मौल्यवान आबनूस हे सख्खे भाऊबंद आहेत. जून टेंभुर्णीच्या गाभ्यांतही काळें लांकूड सांपडतें. परंतु तें वेडेंवांकडें व थोडें असल्यानें त्याची हातभर सरळ पट्टी निघणें कठीण. याउलट सिंहलद्वीपाचा आणि दक्षिण हिंदुस्थानचा आबनूस हा आंतून अखंड काळा, रेघ नाहीं, डाग नाहीं, असा मिळे, व त्या काळेपणावरच युरोप भुलला. डच लोकांनीं १६३८ सालीं मॉरिशस बेटावर वसाहत केली ती मुख्यतः तेथील आबनुसावर डोळा ठेवूनच. १७१० सालीं ते बेट सोडून गेले तेव्हां किनाऱ्याजवळचीं कित्येक रानें विरळ झालेलीं होतीं. पॅरिसमध्यें तर या लांकडाचें काम करणाऱ्या सुतारांना ‘एबेनिस्त’ असें स्वतंत्र नांव पडलें, आणि पुढें उंची लांकडी सामान करणाऱ्या कोणत्याही कारागिरास तेंच नांव चिकटलें. शुभ्र हस्तिदंत आणि काळा आबनूस एकमेकांशेजारीं जडविणें ही श्रीमंतीची खूण ठरली. ज्यांना खरा आबनूस परवडत नसे ते नासपतीच्या लांकडास लोखंडाचा कीस आणि शिरका यांच्या मिश्रणानें काळें करून घेत. ही नक्कल इतकी बेमालूम साधे कीं कित्येक जुन्या पेट्या शेंकडों वर्षें आबनुसाच्या म्हणून मिरवल्या.

वाद्यांत आबनूस आला तो याच सुतारांच्या हातून. जुन्या व्हायोलिनांच्या पट्टीचा गाभा हलक्या लांकडाचा असून वर कठीण लांकडाचा पापुद्रा चढविलेला असे. पुढें सबंध पट्टीच आबनुसाची करण्याची चाल पडली, ती आजतागायत आहे. गिटारनें हा दागिना व्हायोलिनकडूनच उचलला. या दोन वाद्यांच्या कारागिरांत मात्र सख्य नव्हतें. सॅक्सनींतील मार्कनॉयकिर्खेन गांवीं व्हायोलिन करणाऱ्यांच्या संघानें अशी तक्रार केली कीं, गिटार हें तंतुवाद्य असल्यामुळें तें करण्याचा हक्क आमचा आहे, टेबलें-कपाटें करणाऱ्या सुतारांचा नव्हे. निकाल सुतारांच्या बाजूनें लागला. तरीही त्या सुतारांच्या घराण्यांतील एक कुशल मनुष्य, व्हिएन्नाच्या योहान गेओर्ग श्टाउफर याच्या हाताखालीं शिकलेला ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन, या कटकटीस कंटाळून १८३३ सालीं न्यू यॉर्कला निघून गेला. त्यानें पुढें पेन्सिल्व्हेनियांतील नाझरेथ गांवीं हलविलेला कारखाना अद्यापि चालू आहे, आणि अमेरिकन गिटारचें आजचें रूप बव्हंशीं त्याच्याच घराण्यानें घडविलें.

आतां शिसवाकडे वळूं. इंग्रजींत त्यास ‘रोजवुड’ म्हणतात. पण गुलाबाच्या झुडपाशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं. कापतांना कांहीं जातींच्या लांकडास जो गोड वास येतो त्यावरून हें नांव पडलें. गिटारवाल्यांच्या जगांत सर्वांत नांवाजलेला शिसव ब्राझीलचा. अटलांटिक किनाऱ्यालगतच्या बाहिया वगैरे प्रांतांतील अरण्यांत तो होई, आणि पोर्तुगीज लोक त्याला ‘जाकारांदा’ म्हणत. पुण्या-बंगळूरच्या रस्त्यांवर उन्हाळ्याच्या तोंडीं जांभळ्या फुलांनीं डंवरणारा जॅकरांडा तो हा नव्हे. नांवाचें साम्य तेवढें फसवें आहे.

हिंदुस्थानच्या शिसवाची ओळख महाराष्ट्रीय घरांत करून देण्याची गरज नाहीं. जुन्या वाड्यांतील शिसवी झोंपाळा, शिसवी देव्हारा, शिसवी खांब यांवर ज्यांचे हात फिरले आहेत त्यांना त्याचा जांभळट तपकिरी रंग आणि थंडगार जडपणा ठाऊक असतो. सह्याद्रीच्या व मलबारच्या रानांतून येणाऱ्या याच लांकडाचें नक्षीदार सामान एकोणिसाव्या शतकांत मुंबईंत तयार होई आणि ‘बाँबे ब्लॅकवुड’ या नांवानें विलायतेपर्यंत जाई. उत्तरेकडचा शिसू हा याचा चुलत भाऊ. त्याचा रंग सोनेरी तपकिरी असतो. गिटारच्या पट्टीसाठीं मागणी दक्षिणेकडच्या काळपट शिसवालाच.

अमेरिकेंत बराच काळ ब्राझीलच्या शिसवाचा मान पहिला होता. परंतु तेथील किनाऱ्याचीं अरण्यें कॉफी, ऊस आणि गुरें यांसाठीं साफ होत गेलीं. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलनें अखंड ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हां मार्टिन कारखान्यानें १९६९ च्या सुमारास वाद्याच्या पाठी व बाजूंसाठीं हिंदुस्थानी शिसव घेण्यास आरंभ केला. इतरही त्याच मार्गानें गेले. १९९२ सालीं आंतरराष्ट्रीय करारान्वयें ब्राझीलच्या शिसवाचा व्यापार जवळजवळ पूर्णपणें थांबला, आणि आजच्या बहुसंख्य गिटारांच्या पट्ट्या, पाठी व पूल यांवर जो शिसव दिसतो तो भारतांतला आहे. ही गोष्ट गोव्यांत वा मुंबईंत गिटार वाजविणाऱ्या कितीजणांच्या लक्षांत असते, कोण जाणे! परदेशीं शिक्का पाहून घेतलेल्या वाद्याचा अर्धा देह पुष्कळदां आपल्याच घाटांत वाढलेला असतो.

आतां ओळखावयाचें कसें, तें पाहूं. सुदैवानें पट्टीचें लांकूड बहुधा उघडेंच ठेवतात. त्यावर पाठीप्रमाणें चकचकीत रोगण चढवीत नाहींत. मेपलचें पांढुरकें लांकूड वापरलें असेल तर मात्र तें लवकर मळतें म्हणून रोगण देतात, आणि असल्या पट्ट्या बहुधा विजेच्या गिटारांवर दिसतात. उघड्या पट्टीस प्रथम कोरड्या मऊ फडक्यानें पुसावें, कारण घामाच्या मळानें सर्वच लांकडें सारखीं काळीं दिसतात. मग पट्टी खिडकीच्या उजेडांत तिरपी धरावी व पडद्यांच्या मधल्या जागा निरखाव्या.

शिसव असेल तर लांकडाच्या ओघाच्या दिशेनें टांचणीनें ओढल्यासारख्या बारीक, तुटक रेघा दिसतात. त्या त्याच्या रसवाहिन्यांच्या नळ्या होत. नखानें हळूच आडवें घांसलें तर त्या बोटालाही कळतात. आबनुसाच्या नळ्या इतक्या सूक्ष्म कीं नुसत्या डोळ्यांस त्या बहुतेक दिसतच नाहींत. त्यामुळें त्याचा पृष्ठभाग घोटलेल्या शाळिग्रामासारखा गुळगुळीत लागतो आणि नुसत्या घांसण्यानेंही त्यावर झळाळी येते. वजनांतही भेद आहे. घनफूटभर कोरडा शिसव साधारण ५२ पौंड भरतो, तर आबनूस ५७ ते ६० पौंडांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पाण्याइतकाच जड. तथापि तयार वाद्यावरची पट्टी कांहीं सोडवून तोलतां येत नाहीं. तेथें डोळा आणि बोट यांवरच भिस्त ठेवावी लागते.

रंगावर मात्र विसंबूं नये. फसगत होते ती तेथेंच. पुष्कळ लोक काळें तें आबनूस आणि तपकिरी तें शिसव असा ढोबळ नियम करतात. वस्तुतः आबनुसाच्या गाभ्यांत करड्या व तपकिरी रेघा असणें हें अगदीं स्वाभाविक आहे, आणि उलटपक्षीं शिसव वा त्याहून हलकें लांकूड काळें रंगवून आबनुसाच्या जागीं बसविणें हा प्रकार नासपतीच्या काळापासून चालत आलेला आहे. रंगविलेली पट्टी ओळखण्याची साधी युक्ति अशी : पांढऱ्या फडक्यास थेंबभर खनिज तेल लावून तें कडेच्या एका अडचणीच्या जागीं चोळावें. फडकें काळें झालें तर संशयास जागा आहे. स्पिरिटनें ही परीक्षा करूं नये. खऱ्या शिसवांतूनही स्पिरिटाला जांभळा रंग सुटतो आणि निष्कारण एका चांगल्या वाद्यावर आळ येतो. त्याहून खात्रीची जागा म्हणजे पहिल्या दोनतीन पडद्यांच्या मधली. तेथें वर्षानुवर्षें बोटें पडून लांकूड झिजलेलें असतें. रंग वरवरचा असेल तर त्या खळग्यांतून आंतलें फिकें लांकूड डोकावतें. दुसरी जागा म्हणजे पट्टीचें ध्वनिरंध्राकडचें टोंक. तेथें लांकूड आडवें कापलेलें असल्यानें नळ्यांचीं छिद्रें स्पष्ट दिसतात, आणि रंगारी बहुधा तेवढ्या कडेकडे दुर्लक्ष करतो.

ब्राझीलचा शिसव आणि भारताचा शिसव यांतील भेद निष्णातांनाही चकवतो. पहिल्याचा रंग नारिंगी तपकिरीपासून चॉकोलेटी तांबूस असून त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या काळ्या रेघा फिरलेल्या असतात. दुसऱ्याचा जांभळट असून रेघा सरळ व शिस्तीच्या असतात. पण दोन इंच रुंदीच्या जुन्या, तेलकट पट्टीवर हे भेद पुसट होतात, आणि जो दुकानदार अशा पट्टीकडे एकवार पाहून ‘ब्राझील’ म्हणतो व किंमत चढवितो त्याच्याजवळ कागदोपत्रीं पुरावा मागावा हें बरें. याखेरीज दक्षिण अमेरिकेचें ‘पाऊ फेरो’, अक्रोड, आणि कागदाचे थर रेझिनमध्यें दाबून केलेलें ‘रिचलाइट’ असे नवे प्रतिनिधी अलीकडे आले आहेत. रिचलाइट ओळखणें सर्वांत सोपें : त्यांत रेघही नाहीं, नळीही नाहीं, सर्वत्र एकसारखा काळा रंग. निसर्ग इतका एकजिनसीपणा कधीं दाखवीत नाहीं.

या भेदानें आवाजांत किती फरक पडतो, हा वादकांचा आवडता तंटा आहे. आबनुसाचा स्वर टणक व स्पष्ट, शिसवाचा उबदार, असें सांगण्याची रीत आहे. पट्टीपुरतें बोलावयाचें तर तिचें खरें काम पडदे घट्ट धरून ठेवणें व न झिजणें हें आहे, आणि तेथें आबनूस श्रेष्ठ आहे यांत शंका नाहीं. स्वराविषयीं मात्र ठाम बोलणारांनीं सावध राहावें. स्पॅनिश गिटारला आजचें रूप देणारा आन्तोनिओ दे तोर्रेस यानें १८६२ सालीं एका गिटारची पाठ व बाजू कागदाच्या लगद्याच्या करून दाखविल्या. वाद्याचा प्राण वरच्या स्प्रूसच्या फळींत आहे हें त्याला सिद्ध करावयाचें होतें. २०१८ सालीं इंग्लंडांत याहून पद्धतशीर प्रयोग झाला. पाठीचें लांकूड तेवढें निरनिराळें व बाकी सर्व एकसारखें, अशीं सहा गिटारें ५२ वादकांनीं अंधुक उजेडांत, डोळ्यांवर जाड काळे चष्मे चढवून वाजविलीं. महागड्या ब्राझिली शिसवास त्यांनीं स्वस्त लांकडांहून ठळकपणें अधिक गुण दिले नाहींत. हा प्रयोग पाठीच्या लांकडाचा होता, पट्टीच्या नव्हे; परंतु डोळा मिटल्यावर कानाचा हट्ट किती मवाळ होतो तें त्यांतून दिसलें.

आतां त्या छाप्याची हकीकत. अमेरिकेंत ‘लेसी अ‍ॅक्ट’ नांवाचा १९०० सालचा एक कायदा आहे. एका राज्यांत बेकायदा मारलेले पशुपक्षी दुसऱ्या राज्यांत नेणें गुन्हा ठरावा, हा त्याचा एक मूळ हेतु. २००८ सालीं तो लांकडासही लागू झाला. दुसऱ्याच वर्षीं, २००९ मध्यें, मादागास्करमध्यें राज्यक्रांति होऊन राष्ट्रीय उद्यानांतील आबनूस व शिसव यांची बेसुमार लूट सुरू झाली, आणि त्याच वर्षीं तेथील आबनुसाच्या संशयावरून गिब्सन कंपनीच्या नॅशव्हिल येथील कारखान्याची झडती झाली. १९११ सालापूर्वींपासून नांवाजलेली ही कंपनी. तिची झडती ही वाद्यांच्या व्यापारांत मोठी खळबळ होती. ऑगस्ट २०११ मध्यें पुन्हा छापा पडला. या वेळीं माल भारतांतून आलेल्या आबनुसाच्या व शिसवाच्या पट्ट्यांचा होता.

भारतीय नियम असा कीं वाद्याचे तयार भाग परदेशीं धाडतां येतात, पण नुसतें चिरलेलें इमारती लांकूड नाहीं; आणि जकातीच्या वर्गवारीप्रमाणें ६ मिलिमीटरहून जाड फळी ही चिरीव लांकडांत गणली जाते. कारखान्यांत येणारी पट्टी ही खांचा न पाडलेली, रंधा न मारलेली असल्यानें तयार पट्टीहून थोडी जाडच ठेवावी लागते. मग ती वाद्याचा भाग कीं फळी? त्यांत कागदपत्रांवर एका वर्गाचा आंकडा आणि दुसऱ्या कागदावर दुसरा, असा आक्षेप आला. सुताराच्या दृष्टीनें ज्या कपच्यांना रंध्याच्या दोन फेऱ्यांचें महत्त्व, त्यांवरून दोन सरकारांचे कायदे एकमेकांसमोर उभे राहिले. पुढें ऑगस्ट २०१२ मध्यें तडजोड झाली. मादागास्करच्या प्रकरणीं कंपनीनें ३,००,००० डॉलर दंड भरला आणि वन्य जीवांच्या रक्षणार्थ ५०,००० डॉलर दिले. भारतीय पट्ट्यांच्या वर्गीकरणाबाबत नियमांतच संदिग्धता आहे असें अमेरिकन सरकारनें मान्य केलें व तो माल परत देण्यांत आला.

याहून मोठा धक्का २०१७ च्या जानेवारींत बसला. शिसवाच्या सर्व जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखालीं आल्या. कारण गिटार नव्हे. चीनमध्यें श्रीमंतांच्या घरीं तांबड्या शिसवी सामानाची जी हौस वाढली तिच्यामुळें आफ्रिका व आग्नेय आशियांतील रानें उजाड होऊं लागलीं होतीं. परंतु दंड सर्वांना सारखा झाला. एका गिटारची पेटी परदेशीं विकावयाची तरी परवाना हवा, अशी स्थिति आली. कित्येक कारखान्यांनीं शिसव सोडून पाऊ फेरो व अक्रोड धरले. न्यायानें पाहतां वाद्यकारांचा वांटा या लुटींत अल्प होता, आणि नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्या नियमांतून सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवावरील बंदी मात्र तशीच आहे.

आबनुसाची कथा याहून वेगळ्या वळणानें गेली. २०११ सालीं अमेरिकेंतील टेलर या गिटार-कंपनीनें एका स्पॅनिश व्यापारी पेढीच्या भागींत कॅमेरूनमधील याउंडे येथील आबनुसाची वखार विकत घेतली. तेथें गेल्यावर कंपनीच्या मालकांस कळलें कीं, झाड उभें असतांना त्याचा गाभा काळा आहे कीं रेघाळ, हें बाहेरून दिसत नाहीं. तोडणारे झाड पाडीत, गाभा पाहत, आणि तो अखंड काळा नसला तर ओंडका तेथेंच सोडून पुढें जात. दहा झाडांतलें एकच वखारीपर्यंत पोंचे; नऊ रानांत कुजत. युरोपांतील एबेनिस्तांनीं तीनशें वर्षांपूर्वीं लावून दिलेली काळ्या रंगाची आवड हें त्याचें कारण. लांकडाच्या टिकाऊपणांत वा नादांत कांहीं उणें नव्हतें. कंपनीनें रेघाळ आबनूसही त्याच दरानें घेण्याचें ठरविलें, आणि तेव्हांपासून तिच्या उत्तमोत्तम गिटारांच्या पट्ट्यांवर करड्या-तपकिरी रेघा दिसूं लागल्या. सुरुवातीस गिऱ्हाइकांनीं नाकें मुरडलीं. मग डोळे सरावले.

२०१६ पासून कॅमेरूनमध्यें आबनुसाचीं रोपें लावण्याचेंही काम चालू आहे. हें झाड अतिशय संथ वाढतें. पट्टी कापण्याजोगा गाभा भरण्यास माणसाचें एक आयुष्य पुरत नाहीं. त्या कामावर असलेल्या संशोधकांना रानांत एक गोष्ट आढळली. आबनुसाचीं फळें हत्ती खातो, बिया त्याच्या लिदीबरोबर आईझाडापासून दूर जाऊन पडतात, आणि लिदीच्या थराखालीं झांकलेली बी उंदीर-घुशींच्या दांतांतून वांचून रुजते. ज्या रानांत हस्तिदंतासाठीं हत्ती मारले गेले, तेथें आबनुसाचीं कोंवळीं रोपें तुरळक झालेलीं आहेत.